पेठेतले ‘मेजर’, कागदावरचे हवालदार: एका स्मरणिकेचं प्रकरण

सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या छापखान्यात लग्नपत्रिकांच्या खालोखाल काम येतं ते माणूस गेल्यानंतरचं. दहाव्याचा फ्लेक्स, वर्षश्राद्धाचं कार्ड, ऐपत आणि हौस दोन्ही असेल तर सोळा पानी स्मरणिका. मजकूर बहुतेक वेळा आमच्याकडेच तयार असतो. ‘मायेचा आधारवड’, ‘काळाने घाला घातला’, ‘कधीही न भरून येणारी पोकळी’. कॉम्प्युटरवर ‘श्रद्धांजली कोरी’ नावाची फाइल आहे. नाव बदलायचं, फोटो बदलायचा, प्रिंटला सोडायचं. त्या एका फाइलीवर मी कितीतरी बाप उरकलेत. हे प्रकरण लिहून ठेवतोय, कारण इथं ती फाइल उघडली आणि तशीच बंद करावी लागली. घरच्यांना विचारून लिहितोय. नावं कुणाचीच देत नाही.

आले तेव्हा काय घेऊन आले

२०२५ च्या पितृपंधरवड्यात तिघं भावंडं छापखान्यात आली. वडील आदल्या वर्षी कार्तिकात गेले. वय ऐंशीच्या घरात, जुळे सोलापुरातलं स्वतःचं घर, झोपेतच. वर्षश्राद्धाला दोनशे प्रतींची स्मरणिका हवी होती. थोरले शाळामास्तर, निवृत्तीला टेकलेले. त्यांना मी सर म्हणायचो. मधली ताई अक्कलकोटला दिलेली. धाकटा पुण्यात नोकरीला, बोलणं कमी आणि घड्याळाकडं बघणं जास्त. वडिलांना सगळे आबा म्हणत, आईला आक्का.

मुखपृष्ठ सरांनी मोबाइलवर करूनच आणलं होतं. मागं रणगाडा, वर लढाऊ विमान, मध्ये आबांचा बँक पासबुकावरचा फोटो, त्यावर शालीसारखा पांघरलेला तिरंगा. खाली ठसठशीत अक्षरांत ‘मेजर साहेब अमर रहे’. आत चार पानं हस्तलिखित. त्यात ठळक गोष्टी तीन: आबा मेजर होते, १९७१ च्या युद्धात शत्रूच्या ठाण्यात शरणागतीची चिठ्ठी घेऊन जाणारे तेच, आणि ढाक्यात पाकिस्तानी जनरलनं सही केली तेव्हा ते समोर उभे होते. घराबद्दल दोन ओळी: ‘ते प्रेमळ पिता होते. पत्नीने त्यांना मोलाची साथ दिली.’

ताईनं ती दुसरी ओळ वाचली आणि कागद टेबलावर ठेवला. काही बोलली नाही, पण ठेवला तो जरा जोरातच.

तिरंग्याचं मी लगेच सांगून टाकलं. राष्ट्रध्वज पांघरायला वापरणं कायद्यानं चालत नाही. अपवाद आहे तो शासकीय इतमामाच्या किंवा सैन्यदलांच्या, निमलष्करी दलांच्या अंत्ययात्रेचा. रणगाड्याचंही बोललो. आबा पायदळातले. मराठा पलटणीच्या माणसामागं रणगाडा लावणं म्हणजे कोष्ट्याच्या फोटोमागं साखर कारखान्याचं धुराडं लावण्यासारखं. सर हसले नाहीत. पण बाकीचे कागद घेऊन येतो म्हणाले.

कागद

दुसऱ्या खेपेला एक काळी पत्र्याची ट्रंक आली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव, रंग पोपडे धरून सुटलेला. आत डिस्चार्ज बुक, चार पदकं, पलटणीचा एक ग्रुप फोटो आणि एक खाकी पाकीट. पाकिटावर आबांच्या अक्षरात तीन शब्द: ‘मी गेल्यावर बघणे.’

डिस्चार्ज बुकात भरती १९६४, मराठा लाइट इन्फंट्री. या रेजिमेंटचं सेंटर बेळगावला. बासष्टच्या युद्धानंतर फौज वाढत होती, त्या लाटेत मोहोळ तालुक्यातल्या कोरडवाहू गावातून हा पोरगा बेळगावला पोचला. निवृत्ती १९८२. हुद्दा हवालदार. वर्तणुकीच्या रकान्यात एकच शब्द, ‘एक्झेम्प्लरी’, म्हणजे आदर्श. मेजर कुठंच नाही.

मला यात आश्चर्य नव्हतं. आपल्याकडं फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात. किराणा दुकानदार म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, पोलीसपाटीलही म्हणतो. ‘हवालदार मेजर’वरून हे आलं असावं असा माझा आपला अंदाज. अडचण एवढीच, की तोंडी ‘मेजर’ ही माया असते आणि छापील ‘मेजर’ हा अधिकाऱ्याचा हुद्दा असतो. स्मरणिका उद्या एखाद्या माजी सैनिकाच्या हातात पडली तर तो पहिल्या पानावरच थबकणार, आणि पुढचं खरं असलेलंही त्याला खोटं वाटणार. सरांना हे पटायला दोन दिवस लागले. शेवटी ओळ ठरली: ‘पेठेत मेजर म्हणून ओळखले जाणारे हवालदार (निवृत्त)…’

पदकं भिंगातून बघितली. गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव इंग्रजीत बारीक ठोकलेलं असतं. घासून काळपट झालेल्या कडेवर आबांचं आडनाव एका अक्षरानं चुकलेलं निघालं, आणि ते तसंच साठ वर्षं त्यांच्या नावावर चाललं. चारात एक ‘पूर्वी स्टार’ नावाचं पदक होतं. ते १९७१ ला पूर्व आघाडीवर असलेल्यांनाच मिळालं. पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. म्हणजे निदान बांगलादेशच्या बाजूला ते होते, एवढं धातूवरून पक्कं झालं.

खाकी पाकीट मी उघडणार नव्हतो, घरचा विषय म्हणून. सरांनीच दाखवलं. आत पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदाची, झेरॉक्स, जॉइंट खात्याचं पासबुक, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर, आणि वहीच्या पानावर पेन्सिलीनं केलेला हिशेब: ‘माझ्यामागे हिला किती.’ साधी कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांनी बसते, ते धरून, खाली महागाई भत्ता वेगळा मांडून. आक्कांची जन्मतारीख जुन्या कागदांत चुकली होती. ती रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्त करून घेतल्याचा कागदही सोबत टाचलेला. ज्या घरांत हे झालेलं नसतं तिथल्या म्हाताऱ्या नवरा गेल्यावर एका तारखेपायी महिनोन् महिने हेलपाटे घालतात, मी बघितलंय. आक्कांना एकही घालावा लागला नाही. सर म्हणाले, ‘पेन्शन लगेच सुरू झाली, आम्हाला वाटलं ऑनलाइनमुळं.’

हे पाकीट स्मरणिकेत घ्यायचं असं मी तिथंच ठरवलं होतं. सरांना वाटलं चेष्टा करतोय.

चिठ्ठीचं काय

चिठ्ठीची ही गोष्ट आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरची. ती खरी आहे, आणि मराठा पलटणीत ती अभिमानानं सांगितली जाते. डिसेंबर १९७१. १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला ढाक्याची वाट अडवून बसली होती. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. ठाण्यात ३१ बलुच ही पाकिस्तानी पलटण. भारतीय ब्रिगेडिअर एच. एस. क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. उत्तराच्या कागदात पाकिस्तानी कर्नल सुलतान अहमदनं बंदुकीची गोळी गुंडाळून परत धाडली. १० डिसेंबरच्या रात्री ठाण्यातून फुटून निघालेली फौज मराठ्यांच्या मोर्च्यांवर आदळली, रात्रभर लढाई झाली आणि सकाळी जमालपूर पडलं. पुढं पाच दिवसांत ढाका.

पण ती चिठ्ठी घेऊन गेला होता मुक्तिबाहिनीचा, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांपैकी, एक माणूस. ते नोंदलेलं आहे. भारतीय जवान गणवेशात तिथं जाईल कसा, हा प्रश्न आमच्या घरच्या शाळकरी पोरालाही पडला.

सरांना विचारलं, ही गोष्ट आबा सांगायचे का? ते म्हणाले, हो तर. ताई म्हणाली, मी कधी ऐकली नाही. धाकट्यानं पहिल्यांदाच घड्याळावरून नजर काढली आणि म्हणाला, ‘आबा चिठ्ठीची गोष्ट सांगायचे. स्वतः नेली असं कुठं म्हणायचे?’ मग उलगडलं. सरांच्या मुलीनं पाचवीत असताना पंधरा ऑगस्टला भाषण केलं होतं. भाषण सरांनीच लिहून दिलेलं. त्यात ‘एका शूर जवानाने’ ऐवजी ‘माझ्या आजोबांनी’ आलं. टाळ्या पडल्या. आबा पहिल्या रांगेत बसले होते. घरी येताना नातीला एवढंच म्हणाले, ‘आवाज चांगला लागला.’

मला वाटतं, खोडून काढलं असतं तर पोरगी सगळ्यांसमोर खोटी पडली असती. म्हणून गप्प बसले. पण हे माझं वाटणं. स्मरणिकेत ते घातलं नाही. जमालपूरची हकिगत पाऊण पानात, नोंदीप्रमाणे छापली. आबा त्या पलटणीत होते एवढंच लिहिलं, तेही पुढचा पुरावा हातात आल्यावर.

बिस्किटाचा डबा

पुरावा आक्कांकडं होता. आम्ही तीन खेपा ट्रंक उपसत होतो आणि त्या आतल्या खोलीत भाकरी थापत होत्या. कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. माझ्यासकट.

ताईनं विचारलं, तेव्हा त्यांनी कपाटातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत मनीऑर्डरची कुपनं. मनीऑर्डर फॉर्मच्या खाली निरोपाचा एक तुकडा असायचा. पोस्टमन पैसे देऊन अंगठा किंवा सही घ्यायचा आणि तो तुकडा फाडून द्यायचा. आजच्या पोरांना हे सांगावं लागतं. आक्कांनी सगळे जपले होते, वर्षाप्रमाणे सुतळीनं बांधून. त्यांना तेव्हा वाचता येत नव्हतं. शेजारच्या गुरुजींकडून एकदा वाचून घ्यायच्या, मग पाठ. डबा समोर ठेवून त्यांनी न बघता दहा-बारा म्हणून दाखवले. आम्ही कुपनं पडताळून बघितली, एकदोन शब्दांचा फरक.

पत्ता बहुतेकांवर ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. ९९ म्हणजे पूर्वेकडं. १९७१ च्या गठ्ठ्यात पलटणीचं नाव १ मराठा, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर काहीच नाही. पुढचं कुपन जानेवारी १९७२ चं. त्या मधल्या दोन महिन्यांत आक्का बाळंत झाल्या होत्या, डिसेंबरात, म्हणजे आपली ताई. पलटणीच्या पत्त्यावर तार केली होती, ती कधी पोचली देव जाणे. जानेवारीच्या कुपनावर आबांनी लिहिलंय:

‘तार मिळाली. मुलगी झाली वाईट वाटून घेऊ नये. मी खुशाल आहे. ढाका पाहिला, मोठे गाव आहे. मुलीचे नाव विजया ठेवू नये, पलटणीत सगळे तेच ठेवीत आहेत. ६० रु. पाठविले.’

तेरा-चौदा शब्दांची जागा असलेल्या कागदावर हे सगळं, अक्षर मुंग्यांएवढं, शेवटची ओळ कडेनं उभी चढवलेली. ताईनं चौपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा वाचलं. सही करताना कुणी समोर होतं की नव्हतं, हा वाद तिथंच मिटला. ‘ढाका पाहिला’ एवढंच छापायचं, असं सर आपण होऊन म्हणाले.

डब्यातून बाकीचंही बरंच निघालं. प्रत्येक रजेच्या आधी एक कुपन याद्यांचं: पलटणीतल्या कुणाला दोन चादरी, कुणाला चार, सोलापुरी, गडद लाल. जाताना ट्रंकेत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी; ती महिनाभर टिकते म्हणून आंध्रातला एक सोबती तिला ‘तुमचं राशन’ म्हणायचा. निवृत्तीनंतर आबा एका बँकेत गार्ड होते, दुनळी बंदूक घेऊन दारात. सकाळी तिन्ही पोरांचे शाळेचे कपडे तांब्यात निखारे घालून तेच इस्त्री करायचे, क्रीज फौजी. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर नेताना तिघांच्या गळ्यात एकेक शिट्टी. हुकूम असा: हरवलात तर जागचं हलायचं नाही, शिट्टी वाजवायची, मी येतो. धाकटा एकदा पाळण्यांपाशी खरंच चुकला आणि अर्धा तास एका जागी उभा राहून शिट्टी वाजवत होता. फुगेवाला वैतागला होता, असं त्यानं सांगितलं. सांगताना पहिल्यांदा मोकळा हसला. ती शिट्टी अजून त्याच्या पुण्याच्या फ्लॅटच्या किल्लीला आहे.

खडी

आता ज्यावरून स्मरणिका जवळजवळ मोडली ते.

१९७२ चा दुष्काळ आमच्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. विहिरी तळाला गेल्या, जनावरं विकली, रेशनवर लाल मिलो ज्वारी आली, कामावर खायला सुकडी. आक्कांच्या घरी सासरा अंथरुणात, दोन लेकरं, दिराचा स्वतःचा संसार. साठ रुपये पुरेनात. त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. आबांना कळलं तसं कुपन आलं: ‘खडीवर जाऊ नये. पुढच्या महिन्यापासून ८० पाठवितो.’

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय. ऐंशी आले, आनि मी बी गेले,’ आक्का म्हणाल्या. ‘त्येंनी लिवलं म्हनून दगूड मऊ हुतोय व्हय?’

१९७३ च्या उन्हाळ्यात आबा रजेवर आले. आक्कांचे हात बघितले. बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून घेऊन त्यांच्यामागं कामावर. मुकादमानं मस्टरवर नाव घालायला नकार दिला, सरकारी पगारी माणूस म्हणून, आणि त्याचं बरोबरच होतं. आबा म्हणाले, नाव नको. आणि आक्कांच्या शेजारी, धडुत्याच्या सावलीत, हातोडी घेऊन बसले. खडी ब्रासवर मोजली जायची, शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, जितकी खडी तितका पैसा. त्यांची फोडलेली आक्कांच्या ढिगात पडायची. दीड वर्षाची ताई मधल्या झोळीत. रजेतले वीस दिवस असे गेले. पूर्वी स्टार तोवर मिळाला होता की नव्हता, माहीत नाही. मिळाला असला तरी त्या ढिगावर त्याचा काही उपयोग नव्हता.

ही हकिगत आक्कांनी भाकरी परततानाच सांगितली, मध्ये एकदा उठून तव्यावरची फुगलेली काढून घेतली. ताई रडत होती. सर मात्र ताडकन म्हणाले, हे छापायचं नाही.

त्यांचं म्हणणं मी इथं नीट नोंदवतो, कारण ते हलकं नव्हतं. आबांनी आयुष्यभर इस्त्रीचे कपडे घातले. पेठेत मान राखून राहिले. नातेवाइकांत अजून काहीजण आहेत जे ‘तुमची आई खडीवर जायची’ हे टोमण्यानं म्हणतात. सरांनी लहानपणी ते ऐकलंय. बाप युद्ध जिंकून आला आणि रोजगारावर बसला, हे दोनशे लोकांच्या हातात का द्यायचं? ‘लोक कर्तृत्व वाचायला येतात, भाऊ. हाल नव्हे.’

मी कुठल्या बाजूचा होतो ते लपवत नाही. पण छापखानेवाल्यानं गिऱ्हाइकाच्या बापाबद्दल हट्ट धरू नये, हा माझा नियम आहे. मी सरांना दोन मांडण्या करून दिल्या, एक खडीसकट, एक खडीविना. म्हणालो, दोन्ही आक्कांना वाचून दाखवा आणि त्या म्हणतील ते.

वाचून दाखवलं नातीनं. तीच ती भाषणवाली, आता कॉलेजात. खडीविना मांडणी ऐकून आक्का म्हणाल्या, ‘छान हाय.’ दुसरी ऐकून बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या. मग सरांना म्हणाल्या, ‘तुला लाज वाटती व्हय रं? त्येंला वाटली न्हाई.’

सर उठून बाहेर ओट्यावर गेले. परत आले तेव्हा म्हणाले, पान अकरावर घ्या, पण बारीक अक्षरात. मी हो म्हणालो आणि अक्षर बाकीच्याइतकंच ठेवलं. त्यांनी प्रुफात बघितलं आणि काही बोलले नाहीत.

झालं ते असं

मुखपृष्ठावर काळी ट्रंक, वरून घेतलेला फोटो, पोपडे निघालेला नंबर दिसेल असा. आत डिस्चार्ज बुकाचं एक पान आणि समोरच्या पानावर जानेवारी १९७२ चं कुपन, मूळ आकारात. खाकी पाकिटाचा फोटो घेतला, हिशेबाचे आकडे मात्र धूसर करून. पेन्शनच्या कागदांचं काय काय तपासून ठेवावं, हे आबांच्या पाकिटातल्या क्रमानंच अर्ध्या पानात दिलं. त्या अर्ध्या पानाची झेरॉक्स काढून नेणारे दोन माजी सैनिक वर्षश्राद्धाच्या जेवणातच भेटले. चिठ्ठीच्या हकिगतीखाली नातीनं स्वतःच्या नावानं दोन ओळी लिहिल्या, की पाचवीतल्या भाषणात मी चूक सांगितलं होतं. हे कुणी तिला सुचवलं नव्हतं.

माझ्याकडून एक राहून गेलं. ज्या गुरुजींनी ती कुपनं वाचून दाखवली त्यांचं नाव शोधायला हवं होतं. आक्कांना फक्त ‘गुरुजी’ आठवत होतं, गावात विचारायला दोन दिवस काढले असते तर सापडलं असतं. छपाईच्या घाईत मी ते सोडलं.

महिनाभरानं सरांचा फोन आला, अजून पन्नास प्रती हव्यात, बँकेतली जुनी मंडळी मागतायत. मी विचारलं, काही बदल? म्हणाले, एकच, आईनं सांगितलाय. पान अकरावर ‘वीस दिवसांत दोघांनी चार ब्रास’ असं पडलं होतं. मागून आक्कांचा आवाज आला, फोनपासून लांबून, पण स्पष्ट:

‘चार न्हाई, सव्वातीन. मुकादमानं फूटपट्टी लावून मोजलं हुतं.’